महसीर माशाचे घर आणि खानदेशातील नद्या

खानदेशातील बहुतेक नद्या बारमाही वाहात नाहीत. पांझरा, बोरी, अनेर, वाघूर यांची धार माघ-फाल्गुनात बारीक होत जाते, चैत्रात ती तुटते आणि वैशाखात नदीचे पात्र म्हणजे वाळू, गोटे, काळा खडक व त्यांच्यामध्ये कोठे कोठे उरलेले डोह एवढेच राहते. पावसाळ्यात मैल-दोन मैल वर-खाली फिरणारा मासा या दिवसांत अशाच एखाद्या डोहात येऊन थांबतो. डोह आटला तर मासा संपतो. डोह टिकला तर मृगाच्या पहिल्या पुराबरोबर तो पुन्हा सर्व नदीभर पसरतो. नदीतील माशांची पुढील वर्षाची पेरणी या थोड्या डोहांवर अवलंबून असते, असे म्हणावयास हरकत नाही. पेरणीचे बियाणे ज्या कणगीत ठेवावयाचे तिला भोक पडू न देण्याची जी काळजी शेतकरी घेतो, तशी काळजी या डोहांची मात्र कोणी घेत नाही.

भोई, कोळी व भिल्ल कुटुंबांची उपजीविका ज्या माशांवर चालत आली त्यांत महसीर हा मान असलेला मासा होय. मोठे खवले, जाड ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आणि जोराच्या प्रवाहाविरुद्ध चढून जाण्याची विलक्षण ताकद ही त्याची लक्षणे. नर्मदा व तापी या पश्चिमवाहिनी नद्यांत आढळणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव ‘टोर टोर’ असे असून, कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात ‘टोर खुद्री’ ही वेगळी जात आहे. हा भेद प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. तथापि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे त्याच्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

‘खुद्री’ हे नाव इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये शास्त्रीय वाङ्मयात आणले. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेल्या माशाला त्याने स्थानिक लोकांच्या तोंडचेच नाव दिले. दुसऱ्या एका माशाच्या शास्त्रीय नावात त्याने ‘शिंगटी’ हा मराठी शब्द जसाच्या तसा ठेवला. दक्षिणेतील मासेमारांचे ज्ञान अशा रीतीने जगाच्या ग्रंथांत जाऊन बसले, परंतु ज्यांच्याकडून ती नावे घेतली त्यांची नावे मात्र कोठे नोंदली गेली नाहीत.

अंड्याचा अभ्यास

महसीर अंडी कोठे व कशी घालतो, ती उबण्यास काय लागते, या प्रश्नांची खात्रीलायक उत्तरे मिळावयास १९७० साल उजाडावे लागले. ती ज्यांनी मिळविली ते डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे महाराष्ट्राच्या मत्स्य विभागाचे संचालक होते. त्यांचे पहिले नावाजलेले काम मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील निमखाऱ्या पाण्यात सापडणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या एका पारदर्शक माशाविषयी आहे. १९४० मध्ये त्यांनी त्याचे वर्णन केले आणि डॉ. सुंदरलाल होरा व डॉ. सेटना या दोन मत्स्यशास्त्रज्ञांच्या नावांवरून त्यास ‘होराइक्थिस सेटनाय’ असे नाव दिले. पुढे त्यांनी नर्मदेतील पाला माशाचा अभ्यास केला. पाला हा समुद्रातील मासा; पावसाळ्यात तो नदीत चढतो आणि गोड्या पाण्यात अंडी घालतो. त्याच्या अंड्यांवरील व पिलांवरील कुलकर्णी यांचा निबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला.

या दोन्ही कामांत एक समान सूत्र दिसते. मासा पकडून बरणीत ठेवावा, खवले मोजावे आणि नाव द्यावे, एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. मासा कोठून येतो, कोठे जातो, त्याचे अंडे तरंगते की बुडते, पिलू उजेडाकडे जाते की अंधाराकडे, याकडे त्यांचे लक्ष असे. महसीराच्या बाबतीत हीच दृष्टी उपयोगी पडली.

लोणावळ्याच्या परिसरात टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी बांधलेली वळवण, शिरवता इत्यादी सरोवरे आहेत. त्यांत टोर खुद्री होता. पावसाळ्यात तो सरोवरास मिळणाऱ्या ओढ्यांतून वर चढत असे. १९७० च्या सुमारास कुलकर्णी यांनी येथे पक्व मादी व नर पकडून, मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढली, त्यांवर नराचे रेत सोडून ती फलित केली आणि वाहत्या स्वच्छ पाण्यात उबविली. या कामात पुढे श्री. एस. एन. ओगले यांचे सहकार्य त्यांना लाभले. वळवण येथील महसीर केंद्राचा पाया या प्रयोगांनी घातला.

या प्रयोगांतून जे कळले ते खानदेशातील वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे. रोहू-कटला यांच्यासारखे कार्प मासे एका वेळी लाखांनी अंडी देतात आणि पुराच्या गढूळ पाण्यातही त्यांचे निभते. महसीराची अंडी संख्येने फार थोडी, हजारांत मोजण्यासारखी. पण आकाराने मोठी, पिवळसर व जड असतात. ती पाण्यात तरंगत नाहीत. तळाशी जाऊन गोट्यांच्या फटींत बसतात. उबण्यास त्यांना सुमारे तीन दिवस लागतात. अंड्यातून बाहेर आलेले पिलू लगेच पोहू लागत नाही; पोटाखालील अन्नाची पिशवी संपेपर्यंत ते काही दिवस तळाशीच पडून राहते, उजेड टाळते आणि कोपऱ्यात तोंड खुपसून इतर पिलांसह दाटीने बसते.

म्हणजे अंडे घातल्यापासून पिलू स्वतंत्रपणे हिंडू लागेपर्यंत तळाशी स्वच्छ गोटे पाहिजेत, त्यांच्या फटींतून ताजे पाणी खेळते पाहिजे आणि वरून गाळाचा थर बसता कामा नये. चिखल बसला की अंड्याला प्राणवायू मिळत नाही व ते कुजते. शेतात पेरलेल्या बियांवर चोपण मातीची कड धरली तर कोंब वर येत नाही, त्यासारखाच हा प्रकार. या माशाचे घर म्हणजे नुसते पाणी नव्हे, हे कुलकर्णी यांच्या निरीक्षणांमुळे प्रथमच पुराव्याने सांगता येऊ लागले.

त्यांचा आणखी एक प्रयोग मौजेचा आहे. महसीराची फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून ठेवली तर पाण्याबाहेरही जिवंत राहतात असे आढळून आल्यावर, कुलकर्णी व ओगले यांनी ती विमानाने दूरवर पाठविण्याची रीत बसविली व १९७९ मध्ये ती प्रसिद्ध केली. पाण्याने भरलेल्या जड पिशव्यांची गरज उरली नाही. ज्या कापसावर खानदेशाचे अर्थकारण उभे आहे, त्याचा असा उपयोग कोणाच्या ध्यानी आला नसता.

कावेरीत काय झाले

अंडी उबविणे साधले, पाठविणेही साधले. यानंतर लोणावळ्यात तयार झालेली टोर खुद्रीची बोटुकली देशातील अनेक पाण्यांत सोडण्यात आली. हेतू निःसंशय चांगला होता. महसीर सर्वत्र कमी होत होता आणि बीज सोडल्यास तो वाढेल अशी सर्वांचीच समजूत होती. या बीजापैकी काही दक्षिणेत कावेरी नदीत गेले.

कावेरीत पूर्वीपासून महसीराची एक स्वतःची जात होती. पाठीवर उंचवटा असलेला हा कुबडा महसीर ५० किलोहून अधिक वजनाचा होत असे आणि गळाने मासे धरणाऱ्या शिकाऱ्यांत त्याची ख्याती जगभर होती. बाहेरून आलेला निळसर परांचा खुद्री तेथे चांगला रुजला, इतका की थोड्याच दशकांत गळाला तोच लागू लागला व कुबडा महसीर दिसेनासा झाला. अॅड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांचे सहकारी यांनी शिकाऱ्यांच्या जुन्या नोंदवह्या तपासून २०१५ मध्ये ही गोष्ट उजेडात आणली. गंमत अशी की या सुप्रसिद्ध माशाला तोवर निश्चित शास्त्रीय नावच नव्हते. ‘टोर रेमादेवी’ हीच ती जात, हे २०१८ मध्ये ठरले आणि त्याच वर्षी तिची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

याचा दोष कोणा एका व्यक्तीस देणे न्यायाचे होणार नाही. १९७० च्या दशकात महसीर तो महसीर, एवढाच विचार बहुतेक ठिकाणी होता. परंतु आजही एखाद्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या हस्ते नदीत मत्स्यबीज सोडले जाते, छायाचित्र निघते आणि बीज कोणत्या जातीचे व कोणत्या खोऱ्यातील हे विचारलेही जात नाही. ही चूक आता क्षम्य मानता येणार नाही. तापी, पांझरा किंवा गिरणा यांत लोणावळ्याचा खुद्री आणून सोडणे टाळलेच पाहिजे. बीज सोडावयाचेच असेल तर ते तापी-नर्मदेच्या टोर टोरचे असावे, आणि तेही त्याला राहावयास जागा आहे अशी खात्री करून घेतल्यावर.

टोर टोरविषयी सर्वांत भरीव अभ्यास शेजारच्या नर्मदेवर झाला. केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने १९५८ ते १९६६ या काळात तेव्हाच्या होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम भागात नर्मदेच्या माशांची पाहणी केली, श्री. करमचंदाणी व त्यांचे सहकारी या कामावर होते. त्यांच्यापैकी डॉ. व्ही. आर. देसाई यांनी पुढे टोर टोरचाच अभ्यास चालू ठेवला आणि या जातीसंबंधी उपलब्ध असलेली सर्व माहिती २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेमार्फत एकत्र प्रसिद्ध केली. पाणवनस्पती, शेवाळ, गोगलगायी-शिंपले आणि पाण्यातील किडे हा या माशाचा आहार. आणि मादी सर्व अंडी एकदम न टाकता टप्प्याटप्प्याने टाकते. यावरून असे दिसते की एका पुराने त्याचे काम भागत नाही. पावसाळा संपल्यावरही काही काळ पाणी वाहते राहावे लागते.

तापीची आजची स्थिती

मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावून ७२४ किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या तापीचा मधला मोठा भाग जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून जातो. चांगदेवाजवळ पूर्णा तिला मिळते, पुढे वाघूर, गिरणा, बोरी आणि मुडावद येथे पांझरा. उजवीकडून सातपुड्यातून सुकी, मोर, अनेर, अरुणावती उतरतात. मोठ्या नदीत राहावे, पावसाळ्यात उपनद्यांत चढून गोट्यांत अंडी घालावी आणि पाणी ओसरताना परत फिरावे, असा महसीराचा क्रम असतो. त्यास तापीसारखी रचना सोयीची खरी.

हा मार्ग आज ठिकठिकाणी अडलेला आहे. समुद्राच्या बाजूस काक्रापार बंधारा १९५० च्या दशकात झाला व उकाई धरण १९७२ मध्ये. त्यामुळे पाल्यासारखा समुद्रातून येणारा मासा खानदेशापर्यंत पोहोचण्याचा संभव उरला नाही. गिरणा धरण १९६९ मध्ये, भुसावळजवळील हतनूर १९८२ मध्ये पुरे झाले. त्यानंतर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बराज आले. धरणाच्या मागे पाणी पुष्कळ असते, पण ते उभे असते. त्याच्या तळाशी गाळ साचतो आणि गोटे त्याखाली गाडले जातात. हतनूरच्या जलाशयात गाळ फार भरला आहे हे सर्वश्रुत आहे. तेथे पाणपक्षी आले, उभ्या पाण्यात वाढणारे मासेही झाले. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया अशा पाण्यात सुखाने राहतो. महसीराला मात्र हे घर मानवत नाही.

अमेरिकेत एल्व्हा नदीवरील दोन जुनी धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडून टाकण्यात आली आणि त्यानंतर सामन मासा वरच्या भागात पुन्हा चढू लागला. खानदेशात हा मार्ग सुचविणे व्यर्थ होय. हतनूरच्या पाण्यावर गावे, शेती व वीजकेंद्र अवलंबून आहेत. परंतु हतनूरचे ४१ दरवाजे पुराच्या वेळी उघडले जातात, तेव्हा मासे वर चढू शकतात काय, चढत असल्यास पाण्याच्या कोणत्या वेगात, आणि दरवाजे कोणत्या क्रमाने उघडल्यास त्यांना सुलभ होईल, हा प्रश्न अभ्यास करण्याजोगा आहे. त्यासाठी नवे बांधकाम लागत नाही; निरीक्षण लागते.

धुळे जिल्ह्यातील फड पद्धतीचा येथे उल्लेख केला पाहिजे. पांझरेवर एकाखाली एक बुटके बंधारे घालून, पाटाने पाणी नेऊन, गावाने एकत्र पिके घ्यावयाची ही रीत काही शतके चालत आली. हे बंधारे पुराचे पाणी डोक्यावरून जाऊ देणारे होते. सर्व नदी अडवून ठेवणे हा त्यांचा उद्देशच नव्हता. पाणी वाटणारा पाटकरी, देखरेख करणारा हवालदार, राखण करणारा जागल्या अशी माणसे गावाने नेमलेली असत. वरच्या अंगास धरणे झाली, विहिरींवर पंप बसले आणि बहुतेक फड मोडले. तरी जेथे ही संस्था थोडीबहुत उरली आहे, तेथे डोह राखण्याचे काम तिच्याकडे देता येईल. एका डोहाला एक जागल्या पुरेसा आहे.

शेतातून नदीकडे

उन्हाळ्यात डोहात पाणी का राहते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. पावसाचे पाणी तेथे आठ महिने साठून राहिलेले नसते. काठच्या जमिनीत मुरलेले पाणी झिऱ्यांनी नदीत येत राहते, म्हणून डोह टिकतो. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेर पट्ट्यात गोट्या-वाळूचा जाड थर असून पाणी मुरण्यास तो उत्तम आहे. याच पट्ट्यात केळीच्या बागांसाठी भूजलाचा उपसा इतका वाढला की हे तालुके अतिशोषित ठरले. विहिरीची पातळी नदीच्या तळाखाली गेली की प्रवाह उलटतो. नदीचे पाणी जमिनीत जाऊ लागते आणि डोह आटतो. त्यामुळे ठिबक सिंचनाने वाचलेले पाणी आणखी क्षेत्र केळीखाली आणण्यास वापरले, तर नदीच्या दृष्टीने ते वाचले असे म्हणता येत नाही. शेतकऱ्यास हे कडू वाटेल. पण ज्याची विहीर नदीकाठी आहे त्याने स्वतःचाच अनुभव आठवावा.

खानदेशचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. पाणी जसे तापते तसा त्यातील प्राणवायू घटतो. २० अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. डोह खोल असेल आणि काठावर करंज, जांभूळ, उंबर यांची सावली असेल, तर तळचे पाणी गार राहते. काठ नांगरून अगदी पाण्यापर्यंत पीक घेण्याच्या हव्यासात ही झाडे गेली आणि सैल झालेली माती पहिल्याच पावसात डोहात उतरली. काठावर दहा-पंधरा हात पट्टा गवत-झाडांसाठी सोडल्यास शेताची मातीही थांबते.

वाळूचा उपसा हे गिरणेचे मोठे दुखणे आहे. वाळू गेली की तिच्यात साठणारे पाणी गेले, अंडी बसावयाची जागा गेली आणि खालच्या बाजूचे पाणी महिनोन्महिने गढूळ झाले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गौण खनिजांच्या लहान क्षेत्रांतील उत्खननासही पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक ठरविली. नियम आहे, रात्री नदीत उतरणारी वाहने गावाला दिसतात आणि गाव गप्प बसते, हा त्यातील अवघड भाग होय.

कपाशीवरील फवारणीचाही थेट संबंध आहे. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माणसाला तुलनेने कमी, परंतु माशाला अत्यल्प प्रमाणातही घातक असतात. एन्डोसल्फान माशांना विशेष मारक होते. त्यावर २०११ मध्ये बंदी आली. फवारणीचा पंप ओढ्यात धुणे, रिकामी बाटली काठावर फेकणे, पाऊस येण्याची चिन्हे असताना फवारणे, एवढे जरी बंद झाले तरी लहान डोहातील मासे वाचतील. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे तर १८९७ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे.

राखीव डोहाची कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंड येथे आणि वाडा तालुक्यात वैतरणेवरील तिळसे येथे देवस्थानापाशी महसीर राखलेले आहेत. त्यांना कोणी जाळे लावीत नाही. भाविक चुरमुरे टाकतात आणि मोठमोठे मासे वर येतात. तेथे बीज सोडण्याची योजना नव्हती, उबवणी केंद्र नव्हते. जागा मात्र अबाधित राहिली. तापीच्या काठीही संगमांवर देवळे आहेत. भोई व कोळी बांधवांना विचारल्याखेरीज असा डोह ठरविणे मात्र योग्य नाही. त्यांचे पकडीचे ठिकाण बंद करावयाचे तर त्यांची संमती आणि बाहेरच्या पाण्यात वाढलेल्या माशांवर त्यांचा हक्क, दोन्ही आधी लेखी झाली पाहिजेत.

प्रारंभ डोहांच्या यादीपासून करावा. आपल्या शिवारातील नदीचा कोणता डोह मृग लागेपर्यंत पाणी धरतो, तो किती हात खोल आहे, तळाशी गोटे आहेत की चिखल, गेल्या वीस वर्षांत तो किती आटला आणि त्यात पूर्वी कोणते मासे मिळत, एवढी माहिती गावातील वयस्क मासेमाराकडून घेऊन ग्रामपंचायतीच्या वहीत नोंदावी. डोहांना लोकांनी दिलेली नावे जशीच्या तशी लिहावीत. हे काम वैशाखाच्या दुसऱ्या पंधरवड्यात करणे इष्ट. त्या वेळी पात्र उघडे असते, डोह मोजता येतात आणि शेतीच्या कामांनाही थोडी उसंत असते.